डब्यातलं सूप वाढत होतं!

माझ्या हाताला चव आहे, हा शोध मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला आणि तो मी लगेच सगळ्या मुरुडला कळवला. मी पडलो बातमीदार. बातमी दाबून ठेवणं आमच्या धंद्यात पाप!

झालं असं, की रोज दुपारी खानावळीतला तळलेला बांगडा खाऊन खाऊन माझ्या रक्ताचा रिपोर्ट असा आला, की डॉक्टर वाचून नुसतं "अरे बापरे" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलवला. मी त्याच संध्याकाळी ठरवलं. आता दुपारचं जेवण स्वतः बनवायचं. स्वस्त, पौष्टिक आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये होणारं. काचेच्या डब्यात भिजवलेली मूगडाळ, किसलेला दुधी, गाजर, मीठ, मिरी आणि पाणी. डबा यंत्रात ठेवायचा, नगरपरिषदेच्या पाणीटंचाईची बातमी लिहायची. बातमी संपेपर्यंत सूप तयार!

"तेल नाही, फोडणी नाही, खोबरं नाही," माझी बायको मृणाल म्हणाली. "मग आहे काय यात?"

"आरोग्य!"

"जरा मीठ जास्त टाका. आरोग्य अळणी असतं."

आमचं ऑफिस म्हणजे बाजारातल्या किराणा दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं माझ्यासकट चार. जाहिराती आणि हिशेब बघणाऱ्या जैबुन्निसा, म्हणजे सगळ्यांच्या आपा. फोटोग्राफर सिराजुद्दीन, म्हणजे सिराजभाई. आणि पानं लावणारा सदा, ज्याने एकदा स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून भर मे महिन्यात दिवाळी साजरी केली होती. तेव्हापासून मायक्रोवेव्हचा ताबा आपांकडे. सगळ्यांचे डबे त्याच आतल्या खोलीत नेतात आणि गरम करून आणून देतात. दुसऱ्या कोणी बटणाकडे बोट नेलं तर त्या काही बोलत नाहीत, फक्त बघतात. तेवढं पुरतं.

पहिल्या दिवशी माझं सूप भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखं. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण आठवडा संपता संपता चमत्कार झाला! सूप दाट झालं, त्याला सुवास आला, घोट घशाखाली उतरला की पोटात कोणीतरी शाल पांघरल्यासारखं वाटू लागलं. सामान तेच, डबा तोच. म्हणजे बदललं काय? माझा हात! तो आता बसला होता.

त्या आठवड्यात अलिबागहून आमचे संपादक बाळाजीसाहेब आले. त्यांनी एक चमचा घेतला, मग दुसरा, मग डबाच स्वतःकडे ओढला.

"गणराज, हे तू केलंस? तू?"

"रोजचंच आहे, साहेब."

"रविवारच्या पुरवणीत सदर लिही. ऑफिसात जेवणाऱ्यांसाठी. तुझ्या फोटोसकट!"

वाचकहो, वीस वर्षं मी एसटीचे अपघात आणि ग्रामपंचायतींचे ठराव लिहिले. माझं नाव छापून आलं ते "आमच्या वार्ताहराकडून" असं, म्हणजे आलंच नाही. आणि आता फोटोसकट सदर! त्या दुपारी आपांनी माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आनंदाने भरून आलं असावं.

पहिली पाककृती छापून आली आणि फोन सुरू झाले.

"भाऊ, चौलवरून बोलतेय. तुम्ही लिहिलंत तसंच केलं. गुळण्या करायला करायचं होतं का?"

एक नाही, अशा अनेक बायका! माझा पहिला संशय वाचकांवर गेला. हे लोक कृती नीट वाचत नाहीत. दुसरा संशय शिंप्यावर, कारण माझ्या विजारी कमरेत घट्ट होऊ लागल्या होत्या. बिनातेलाचं सूप पिणाऱ्या माणसाची विजार घट्ट होते? कापडात खोट! तिसरा संशय मृणालवर. ती विजारी गरम पाण्यात भिजवत असणार.

"मी?" मृणाल म्हणाली. "बरं. उद्या रविवार. ते सूप घरी करा. मलाही बघू दे."

मी केलं. मृणालने चमचाभर घेतलं आणि बेसिनपाशी गेली.

"अहो, हे भाजी धुतलेलं पाणी आहे."

मीही चाखलं. वाचकहो, ते भाजी धुतलेलंच पाणी होतं!

म्हणजे घरी पाणी आणि ऑफिसात अमृत. मधल्या वाटेवर काहीतरी घडत होतं. माझ्या डब्याशी कोणीतरी खेळत होतं!

सोमवारी मी डब्याच्या काचेवर मार्करने सुपाच्या पातळीची बारीक रेघ मारली आणि डबा आपांकडे दिला. डबा परत आला तेव्हा सूप रेघेच्या अर्धं बोट वर होतं. वर! उकळून आटायला हवं ते वाढलं होतं! मुरुडमध्ये होड्यांची जाळी चोरीला जातात, नारळ जातात, देवळाबाहेरच्या चपला जातात. पण चोरी झाल्यावर माल वाढला, अशी बातमी मी आयुष्यात लिहिली नव्हती.

मी थंड डोक्याने विचार केला. सरळ आहे! कोणीतरी माझं सूप पितं आणि पकडलं जाऊ नये म्हणून वरून दुसरं काहीतरी ओततं. घाईत माप चुकतं. आता फक्त कोण, एवढंच शोधायचं.

रमजान नुकताच सुरू झाला होता. आपांचा रोजा, सिराजभाईंचा रोजा. आपा तशातही आमचे डबे गरम करून देत होत्या.

"आपा, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी म्हटलं होतं.

"हात लावते हो भाऊ, तोंड नाही लावत."

जो थुंकीही जपून गिळतो, त्याच्यावर सूप प्यायल्याचा संशय घ्यायचा? छे! दोघंही सुटले. उरला सदा.

त्याच दुपारी मी सदावर नजर ठेवली. तो दोनदा आतल्या खोलीत गेला. परत येताना ओठ पुसत आला. मी त्याला जिन्यात गाठलं.

"सदा, सूप कसं होतं?"

"कुठलं सूप?"

"आता तूच सांग कुठलं!"

"भाऊ, तुमचं सूप? आन मी?" सदाचे डोळे मोठे झाले. "पहिल्या दिवशी तुमी ते पिताना मी तुमचा चेहरा बघितलाय. मला दोन पोरं हायत!"

"मग ओठ कशाला पुसत होतास?"

"पाणी पिऊन! आज सोमवार. माझा उपास हाय, न्हाय का!"

मी जिन्यातच बसलो. आपांचा रोजा, सिराजभाईंचा रोजा, सदाचा सोमवार. सगळ्या ऑफिसात त्या दिवशी दुपारी जेवणारा माणूस एकच होता. मी! म्हणजे पुराव्यानिशी संशयित उरला तोही मीच!

सदाने माझ्याशी बोलणं टाकलं. त्या आठवड्यात माझी नगरपरिषदेची बातमी त्याने अंत्यविधीच्या जाहिरातींमध्ये लावली. आणि तेवढ्यात अलिबागहून बाळाजीसाहेबांचा फोन.

"गणराज, तक्रारी फार येतायत. शनिवारी मी येतो. बचत गटाच्या बायका बोलव. सगळ्यांसमोर सूप कर, सिराजभाई व्हिडिओ काढतील. जमलं तर सदर चालू. नाही जमलं तर बंद, आणि त्या जागी राशिभविष्य."

राशिभविष्य! माझ्या फोटोच्या जागी वृश्चिक!

शनिवारी मी डबा छातीशी धरूनच ऑफिसात शिरलो. बचत गटाच्या क्रांतीताई आणि त्यांच्या मैत्रिणी खुर्च्या भरून बसल्या होत्या. बाळाजीसाहेब मधोमध. सिराजभाईंनी मोबाइल सरसावला. आपा पुढे आल्या.

"द्या भाऊ, ठेवते."

"नाही आपा! आज या डब्याला कोणीही हात लावायचा नाही."

"अहो, नेहमी मीच ठेवते ना."

"आज मी स्वतः ठेवणार. स्वतः उभा राहणार. आज चोराची मजल मी बघतोच!" आणि मी सदाकडे पाहिलं. सदाने खिडकीबाहेर पाहिलं.

"भाऊ, ऐका जरा," आपा हळू आवाजात म्हणाल्या. "दोनच मिनिटं मला आत जाऊ द्या."

"आपा, प्लीज!"

"बरं," त्या मागे सरल्या. "अल्ला मालिक."

मी यंत्रापुढे कमांडोसारखा उभा राहिलो. पाठ भिंतीला, नजर दारावर. माशीलाही आत सोडलं नाही. घंटी वाजली. सूप रेघेच्या केसभर खाली, आटायला हवं तसंच! थेंबभरही वर नाही. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो आणि वाट्या भरल्या.

बाळाजीसाहेबांनी घोट घेतला. घोट तोंडातच राहिला. गाल तसेच फुगलेले.

क्रांतीताईंनी विचारलं, "भाऊ, हे झालं का अजून व्हायचंय?"

"आमच्या सासूला ताप हाय," मागून एक बाई म्हणाली, "तिला नेऊ काय? तिला चव लागत न्हाय सध्या."

बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. सिराजभाईंचा मोबाइल हलायला लागला. मी ओरडलो, "हे माझं सूप नव्हे! रोजचं सूप वेगळं असतं! कोणीतरी घात केलाय!"

"कोणी नाही केला, भाऊ," आपा म्हणाल्या. "तुम्ही करूच दिला नाहीत."

त्या आत गेल्या आणि मायक्रोवेव्हमागच्या बिस्किटांच्या डब्यातून एक बरणी घेऊन आल्या. तुपात परतलेला लसूण, नारळाचं दाट दूध, थोडं कोकमाचं आगळ.

"तुम्ही पहिल्या दिवशी ते पीत होतात ना, तो चेहरा बघून माझा घास उतरेना. म्हणून चमचाभर टाकलं. मग रोजच टाकायला लागले. तुम्ही एवढे खूश होतात, सांगणार कसं?"

"पण आपा, तुमचा रोजा!"

"म्हणूनच! चाखता येत नाही, अंदाजाने घालावं लागतं. हात जरा सढळ पडतो."

कोण खातंय, एवढंच मी शोधत होतो. कोण घालतंय, हा प्रश्न माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाला सुचलाच नाही.

आपांनी उरलेल्या सुपात बरणी रिकामी केली, ढवळलं आणि वाट्या पुन्हा भरल्या. या वेळी कोणी हसलं नाही. क्रांतीताईंनी वाटी बोटाने पुसून घेतली. बाळाजीसाहेबांनी तिथेच निकाल दिला. सदर चालू!

दर रविवारी ते येतं. वर आपांचा फोटो असतो. तळाशी बारीक अक्षरात माझं नाव आणि त्यापुढे "शब्दांकन". पान सदाच लावतो. त्यामुळे ते नाव वाचायला भिंग लागतं.

परवा घट्ट विजार घेऊन मी शिंप्याकडे गेलो. त्याने शिवण उलगडून पाहिली.

"कमरेत किती सोडू, भाऊ?"

"थांब," मी म्हणालो. "ईद कधी आहे ते आपांना विचारून सांगतो."