हेडक्लार्कची सायकल

हेडक्लार्कना सायकल चालवता येत नव्हती, एवढी एकच गोष्ट त्यांनी बायकोपासून लपवली होती. (बाकीच्या तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळल्या.) त्यांची ढेरी कमी व्हावी म्हणून तिने सायकल आणली, तेव्हा ‘येत नाही’ म्हणायचं सोडून ते ‘वा!’ म्हणाले आणि फसले. मग रोज सकाळी सायकल ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची, शिंप्याच्या दुकानामागे लावायची आणि बसने ऑफिस गाठायचं. संध्याकाळी शिंप्याच्याच नळाचं पाणी तोंडावर मारून घामाघूम घरी!

बायको सोसायटीची सेक्रेटरी. सायकलीला उत्तेजन देणाऱ्या सोसायट्यांना अनुदान मिळतं हे कळताच तिने शेडसाठी अर्ज ठोकला. “आमचे हे तर रोज सायकलनेच जातात,” असं छातीठोकपणे सांगितलं. शेजारणींनी तेव्हाच नाकं मुरडली होती. अनुदान हुकलं असतं तर तिला जिन्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पाहणीला अनुदान खात्याच्या मॅडम आल्या त्याही सायकलवरून.

“चला साहेब, ऑफिसपर्यंत सोबत करते.”

हेडक्लार्क चाकापाशी वाकले. “चाक पंक्चर वाटतंय.”

“अहो, मी कालच हवा भरलीय!” बायको म्हणाली.

“पण गेटपाशी चढ आहे ना...”

“कसला चढ? इथे सांडलेलं पाणीसुद्धा जागचं हलत नाही!”

सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. हेडक्लार्कनी देवाचं नाव घेऊन टांग मारली. सायकल थेट चेअरमनच्या कुंड्यांत शिरली.

“मला येत नाही!” कुंड्यांमधून आवाज आला.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमचा मात्र खुलला.

“अहो, मग आधी नाही का सांगायचं! शेडचा निधी संपतच आलाय. मोठ्या माणसांना सायकल शिकवायचा निधी मात्र तसाच पडून आहे. येत नाही असं कबूलच करत नाही कोणी!”

वर्ग मंजूर झाला. सायकली आल्या, त्या ठेवायला शेडही आली. अट एकच, शिकणारा असेपर्यंतच निधीचा पुढचा हप्ता. शिकणारे हेडक्लार्क एकटेच.

आणि एका सकाळी त्यांना तोल सापडला. कोणी न धरता त्यांनी सोसायटीला अख्खी फेरी मारली. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. बायको धावतच खाली आली.

“उतरा आधी! कोणी पाहिलं नाही ना? हप्ता यायचाय अजून! दुपारी मॅडम येतायत, त्यांच्यासमोर नीट पडाल ना?”

दुपारी हेडक्लार्क मॅडमसमोर सायकलवर बसले. पडण्यासाठी त्यांना मुद्दाम काही करावं लागलं नाही.