थांब, कानात बसू दे

सोनाबायच्या वसईतल्या मुलाची व्हॉइस नोट आली, “आई, मी बरा हाय. काळजी करू नको.” धोंडूतात्यांनी ती डोळे मिटून दोनदा ऐकली, कानातली इअरफोनची बोंडं काढली आणि निकाल दिला, “पोरगा बरा हाय गो. पन त्याचा फ्रीज आठवडाभर टिकंल, त्याच्या वर नाय.”

सोनाबायनं घाबरून मुलाला फोन केला. मुलगा हसला. चौथ्या दिवशी फ्रीज बंद पडला आणि पाचव्या दिवसापासून माझ्या दुकानासमोर रांग लागायला लागली.

माझं पोलादपूरला मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, काच बसवणं आणि लोकांची बडबड ऐकून घेणं, एवढे धंदे चालतात. दारात गिऱ्हाइकांसाठी एक बाक ठेवलाय. त्या फ्रीजपासून बाकावर गिऱ्हाईक बसलेलं मी पाहिलं नाही. बसतात त्या मुंबईला आणि आखातात मुलं असलेल्या आया. हातात फोन आणि तोंडात एकच प्रश्न, “तात्या हायत का गो?”

तात्या कुडपणचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथल्याच एका गॅरेजात काढली. आंबेनळी घाट चढायच्या आधी ट्रकवाले मुद्दाम त्यांच्याकडे थांबायचे. तात्या लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि “थांब, कानात बसू दे” म्हणून गप्प व्हायचे. ड्रायव्हरची बिडी ओढून संपायची. मग सांगायचे, “तिसऱ्या वळणावर पानी मागंल.” आणि गाडी तिसऱ्या वळणावर पाणी मागायची. आता गॅरेज सुटलं, बायको वारली, एकुलता एक मुलगा विलास डोंबिवलीला. तात्यांच्या घरात फोनला रेंज नाही, म्हणून रोज सकाळच्या गाडीनं ते रेंज शोधत खाली उतरतात आणि माझ्या दुकानात ठाण मांडतात. मी कपाळाला हात लावते आणि चहा सांगते.

हे कानातलं खूळ आणलं इक्बालभाईंनी. इक्बालभाई महाडचे, बरीच वर्षं कुवेतला काढून आलेले. लोक तिकडून सोनं आणतात, यांनी कानात घालायची यंत्रं आणली. त्यातल्या एकाची तार तुटली म्हणून माझ्याकडे आले तेव्हा तात्या बाकावर होतेच.

“हा साधा इअरफोन नाही, तात्या. इन-इअर मॉनिटर म्हणतात. गाणारे लोक स्टेजवर घालतात, स्वतःचा आवाज ऐकायला.”

“स्वतःचा आवाज यंत्र लावून ऐकायचा? मंग गातात कशाला?”

पण घालून बघितलाच. तार कानाच्या वरून मागे घ्यायची असते, ती मी घेतली, तर म्हणाले, “दावं बांधतेस काय गो?” टोकाला रबरी टोप्या असतात, लहान-मोठ्या. तात्यांच्या उजव्या कानाला मोठी लागली आणि डाव्याला मधली. “सगळा जन्म पेचकस उजव्याला लावला ना,” म्हणाले, आणि म्हणताना जरा अभिमानच होता. मी एक गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात बंद करायला लावलं. “गान्यात काय ऐकायचं? ते ऐकवायलाच केल्यालं हाय. पाठीमागचं काय तरी लाव.”

पाठीमागचं म्हणजे काय, ते विलासची व्हॉइस नोट लावल्यावर कळलं. “बाबा, मी बरा हाय. जेवलो. तुमी जेवा.” संपलं एवढंच. पण तात्यांना त्यात खालून गेलेली रिक्षा ऐकू आली, शेजारणीच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, कुकरचं रबर सैल झालेलंही ऐकू आलं. त्याच दिवशी त्यांनी त्यातल्या त्यात स्वस्त संच माझ्याकडून मागवून घेतला.

पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही. तात्या गावभरच्या पोरांना ऐकायला लागले. एकाच्या आईला सांगितलं, “हा संडासात बसून बोलतोय.” दुबईच्या एका नवऱ्यानं बायकोला कळवलं होतं की तुझ्या आठवणीनं जेवण जात नाही. तात्या म्हणाले, “कोंबडी तळतोय. दुसरा घाना चाललाय.” त्या बाईनं दुकानातूनच फोन लावला आणि नवऱ्याची अशी काही खरडपट्टी काढली, की मला शटर अर्धं ओढावं लागलं. येता-जाता गाडीतही तात्यांच्या कानात ती बोंडं असायची. दुसरं टोक खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी, कशालाच न जोडलेलं. विचारलं तर म्हणायचे, “नवा ड्रायव्हर गियर टाकतो तो मला ऐकवत नाय.”

पण खरं दुखणं वेगळं होतं. विलास गणपतीला आला नव्हता. कुडपणला एक वेळ पाऊस चुकेल, पण चाकरमानी गणपतीला चुकत नाही. “सुट्टी नाय मिळाली,” एवढंच कळवलं त्यानं. तात्यांनी आरती एकट्यानं म्हटली, आणि तेव्हापासून मुलाशी बोलणं टाकलं. तो दर रविवारी नोट पाठवायचा, हे सोमवारी माझ्याकडे येऊन दहा-दहा वेळा ऐकायचे, उत्तर मात्र नाही.

आणि त्या नोटांमध्ये एक आवाज होता. टक. थोडं थांबून पुन्हा टक. फ्रीज, पंखा, कुकर, सगळ्या मुंबईची यंत्रं ओळखणाऱ्या तात्यांना तो एक आवाज लागेना. दर सोमवारी ते टक मोजून माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारच्या चौकोनात आकडा लिहायचे. माझे दुधाचे खाडे त्याच चौकोनात असायचे, त्यावरून आमची दोनदा जुंपली.

शेवटी तात्यांनी ठरवलं, की तो कॅरम आहे.

“स्ट्रायकर हाय गो. बापाशी बोलताना कॅरम खेळतो. सुट्टी मिळाली नाय म्हनं! कॅरम खेळायला मिळाली सुट्टी.”

“तात्या, एक फोन करा आणि विचारा त्याला.”

“पुरावा नको? तो नाय म्हनंल. मला सोंगटी भोकात पडल्याली ऐकू यायला पायजे.”

या संचात सोंगटी ऐकू येत नव्हती. तेव्हा प्रश्न आला, वरचा संच घ्यायचा का? इक्बालभाईंकडे एक होता, फार भारीतला. महिनाभर तात्यांनी माझं डोकं खाल्लं. घ्यावा, तर एवढ्या पैशांत म्हशीचं पारडू येतं. न घ्यावा, तर पोरगा फसवतोय ते फसवतोयच. पारडू म्हातारपणी दूध देईल, संच काय देणार? पण पारडाला कॅरम ऐकू येईल का? असा विचार करणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी इक्बालभाईंना फोन करून म्हटलं, “एकदा ऐकवा आणि मला सोडवा.”

ते मखमली डबी घेऊन आले. “तात्या, याच्यात एका कानात पाच ड्रायव्हर आहेत.”

“पाच? आनि क्लिनर?”

“क्लिनर नसतो, तात्या. ड्रायव्हर म्हणजे आतला बारका स्पीकर,” इक्बालभाई अगदी गंभीरपणे म्हणाले. त्यांना या विषयातली थट्टा चालत नाही.

तात्यांनी टोप्या बसवल्या, तार मागे घेतली. “थांब, कानात बसू दे.” मी नोट लावली. बाकावर ती दुबईवाल्याची बायको होती, तीही पुढे सरकली. आता सोंगटी पडणार, तात्या विलासच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, म्हणजे स्वतःचाही, अशा तयारीत मी होते.

तात्यांनी नोट पुन्हा लावायची खूण केली. मग फोन खिशात टाकून उठले, कोपऱ्यातली शटर ओढायची सळई हातात घेतली आणि नोट ऐकत ऐकत काउंटरमागच्या जागेत चालायला लागले. सळई फरशीवर टेकवायची, डावा पाय टाकायचा, उजवा ओढून आणायचा. टक, पाऊल, फरफट. टक, पाऊल, फरफट. भिंतीशी आले की थांबायचं, वळायचं.

मला तेव्हाच कळलं.

“काठी हाय,” तात्या म्हणाले. “उजव्या पायावर भार देत नाय. वळताना भिंतीला धरतो.” मग खाली बसले. “मी त्याच्याशी बोललो नाय गो. गनपतीपासून बोललो नाय.”

 दुबईवाल्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. इक्बालभाई म्हणाले, “तात्या, सेट राहू दे तुमच्याकडे. पैशांचं नंतर बघू.”

“नको,” तात्यांनी कानातून काढून डबीत ठेवला. “त्यानं केवढी मेहनत घेतलीय लपवायला. दुखत असताना हसून बोलतोय. मी महागाची यंत्रं लावून त्याची मेहनत फुकट घालवू?”

“अहो, मग निदान विचारा तरी!” मी चिडलेच. मला रडू येत होतं म्हणून चिडले.

“विचारलं तर सांगंल. सांगताना रडंल. ते मला बिनयंत्राचं पन ऐकवायचं नाय.”

मग त्यांनी माझ्याच काउंटरवरून मुलाला नोट पाठवली, गणपतीनंतरची पहिली. “विलास, निरगुडीचं तेल जास्त झालंय. घरात ठेवायला जागा नाय. पाठवतो. वापर.” तात्यांच्या घरात पाच खोल्या, त्यात एक माणूस आणि चार भांडी. दुखऱ्या हाडांना चोळायचं ते तेल त्यांनी त्यानंतर दोन दिवस बसून कढवलं, आणि सरबताच्या मोठ्या बाटलीत भरून मुंबईला निघालेल्या गाववाल्याच्या हाती दिलं.

विलास गणपतीच्या तोंडावर मोटारसायकलवरून घसरला होता, ऑपरेशन करून पायात लोखंडी पट्टी घातली होती, हे त्यानं मला पुढे शिमग्याला आला तेव्हा सांगितलं. डॉक्टरांनी घरातल्या घरात फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. एकट्यानं मारायचा कंटाळा यायचा, म्हणून बाबांशी बोलत मारायचा. तेल मिळालं त्या रविवारी नोट आली, “बाबा, तेल पोचलं,” आणि पुढे बराच वेळ नुसती टक, टक.

तात्या जुन्या संचावर टक मोजत राहिले. कॅलेंडरातले आकडे उतरायला लागले. सव्वीस, बावीस, एकोणीस. माझे दुधाचे खाडे मी फोनमध्ये लिहायला लागले, चौकोन तात्यांना सोडून दिला. सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या मीच विचारायचे, “किती?” बारा झाले त्या दिवशी तात्यांनी चक्क स्वतः चहा सांगितला. एकदा नवाचे पुन्हा सतरा झाले, तर दिवसभर सगळ्यांच्या अंगावर खेकसत होते. “दगदग केली असंल. अक्कल नाय.”

आणि शिमग्याच्या तोंडावर एका सोमवारी तात्यांनी नोट चारदा ऐकली, तरी कॅलेंडराकडे गेलेच नाहीत.

“किती?”

“वाजतच नाय.”

“मग चांगलंच झालं की!”

“कसलं चांगलं?” तात्या ओरडले. “काठीबिगर चालतोय का खाटंवर पडून बोलतोय, मला काय ठावं? या यंत्रात नुसतं पाऊल येत नाय गो!”

मी इक्बालभाईंना फोन केला. महाडहून ते अर्ध्या तासात स्कूटरवर हजर, हेल्मेटसुद्धा उलटं घातलेलं. तोवर तात्या बाहेर बाकाभोवती फेऱ्या मारत होते, बोंडं कानात, तार खिशात. भारीचा संच चढवला. उजव्याला मोठी टोपी, डाव्याला मधली. “थांब, कानात बसू दे,” ते म्हणाले.

नोट सुरू झाली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, इक्बालभाई पायांकडे. ते बरोबर बघत होते. तात्यांची पावलं जागच्या जागी उचलायला लागली. डावं, उजवं. डावं, उजवं. दोन्ही सारखी. भिंतीशी आल्यासारखे वळले, कशालाही न धरता, आणि पुन्हा डावं, उजवं.

त्यांनी संच काढला, टोप्या सदऱ्याच्या टोकानं पुसल्या आणि डबी परत केली.

“आता तरी घ्या, तात्या. निम्म्या किमतीत देतो.”

“नको, भाई. ऐकायचं होतं तेवढं ऐकलं.”

आणि तरातरा बाहेर गेले. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मला दिला, इक्बालभाईंना दिला, रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला थांबवून दिला. तेवढ्यात सोनाबाय फोन घेऊन आली. तिला इथलं काहीच ठाऊक नव्हतं.

“तात्या, पेढे कसले?”

“पोरगा चालायला लागला.”

“अगो बाय!” सोनाबायचं तोंड आनंदानं फुललं. “कितीचा झाला?”

“चौतीस वर्सांचा,” तात्या म्हणाले, आणि तिच्या हातावर दोन पेढे ठेवले.