शेषेरावांचा बाभळीचा ठोकळा

आमच्या लातूरकडच्या मुरुडात घराबाहेर पडताना कुणी छत्री घेतं, कुणी पिशवी, कुणी नुसतीच तंबाखूची चंची. शेषेराव लाकडाचा ठोकळा घेऊन निघतात. बाभळीचा, हातभर लांब, वीतभर जाड, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेला. तो कायम डाव्या काखेत. लग्नाला जावोत, तेराव्याला जावोत, ठोकळा बरोबर. बँकेच्या दारातल्या रखवालदारानं एकदा तो बाहेर ठेवायला सांगितला, तर शेषेराव स्वतःच बाहेर राहिले आणि काम दुसऱ्याच्या हातून करून घेतलं.

बाहेरगावचे पाहुणे मला विचारतात, हा काय प्रकार? मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, शिवाय शाळेत खेळाचा मास्तर, म्हणजे गावाच्या मते चोवीस तास रिकामा. मी सांगतो की या माणसाचा फक्त जमिनीवर विश्वास आहे. जमिनीपासून उचललेली कुठलीही वस्तू दिसली की ते तिच्याखाली ठोकळा सारतात. "वर हाय ते खाली येतंयच, सर," हे त्यांचं पालुपद. आणि त्याच्या मागोमाग, "टेकू दिलाव का?"

हल्ली लग्नात नवरा-नवरीला लोखंडी मंचावर उभं करून यंत्रानं वर उचलायची टूम निघाली आहे. खालून धूर सोडतात, वरून फुलं पडतात, सनई वाजते. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात जोडपं असं वर गेलं. टाळ्या झाल्या, हार घालून झाले, आणि मंच काही खाली येईना. यंत्रवाला बटणं दाबून घामाघूम. नवरी रडकुंडीला आलेली, मामा यंत्रवाल्याची गचांडी धरायच्या बेतात. शेवटी धूर विरला तेव्हा मंचाखाली उकिडवे बसलेले शेषेराव दिसले. ठोकळ्यावर आणखी दोन विटा रचून त्यांनी पक्का टेकू दिला होता. "लेकरं हायत वर," ते म्हणाले. "तुमच्या तेलाच्या नळीचा काय भरोसा?" मामानं त्यांना जेवल्याशिवाय घालवायचं ठरवलं होतं, पण नवरीनंच आडकाठी केली.

माझी आई लातूरला दवाखान्यात होती तेव्हा ते भेटायला आले. पलंगाची डोक्याकडची बाजू दांडा फिरवून उचललेली होती. शेषेरावांनी आईची विचारपूस करायच्या आधी वाकून पलंगाखाली पाहिलं आणि ठोकळा सारला. नर्सबाईंनी तो काढला. त्यांची पाठ वळताच यांनी परत घातला. असं बरंच चाललं. नर्सबाई जेव्हा खरंच चिडल्या, तेव्हा आईच क्षीण आवाजात म्हणाली, "असू दे बाई, त्याला बरं वाटायलंय." मी मात्र ओशाळून गेलो होतो. भेटीची वेळ संपेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यांच्या घरातही सुटका नाही. त्यांच्या कारभारीणबाईंना आम्ही काकू म्हणतो. काकू सांगतात, "मी भाकरीची दुरडी उचलले तरी ह्यांचा हात खाली. जशी दुरडी कुनाच्या मानंवरच पडनार हाय." गावातली पोरं त्यांना टेकूआबा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ते ओ देतात.

आता त्यांचा धंदा सांगतो, म्हणजे हे वेड कुठून आलं ते कळेल. शेषेरावांकडे एक जुना ट्रक आहे आणि त्याच्यामागे जोडायचा बुटका ट्रेलर. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र असली धुडं ते या गावाहून त्या गावी पोचवतात. त्यांच्याइतकं हळू कुणी चालवत नाही. बैलगाडीवाला त्यांना मागे टाकून पुढे जातो आणि वर हात करतो. वाटेत ठिकठिकाणी उतरून ते साखळ्या चाचपतात, चाकांना लावलेले दगड बघतात आणि यंत्राला विचारतात, "बरा हाइस का?" यंत्र बरं आहे याची खात्री पटली की पुढे निघतात.

त्यांना एकच मुलगा होता, बालाजी. अंगानं दणकट, बोलायला गोड, माझ्या कबड्डीच्या संघात होता. बापासारखं दुसऱ्याची यंत्रं वाहत बसायचं नाही म्हणून त्यानं स्वतःचा लहान ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्या मागच्या लिफ्टला गवत कापायचं यंत्र लावलं. आमच्याकडे सगळे त्याला कटर म्हणतात. भोकरकडे आंब्या-मोसंबीच्या बागांत गवत काढायचं काम त्याला मिळालं, तिथंच खोली करून राहिला. एक दिवस पात्यांत ठिबकची नळी गुंतली. त्यानं कटर वर उचललं, ट्रॅक्टर बंद केला आणि विळा घेऊन खाली शिरला. लिफ्ट तेलाच्या जोरावर वर राहते. तेलानं दगा दिला की ती खाली येते. बाग मोठी होती, जवळपास कुणी नव्हतं. तो सापडला संध्याकाळी.

त्याला आणायला शेषेराव गेले आणि घेऊन आले. ट्रॅक्टरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिथल्या तिथं कुणालातरी देऊन टाका, एवढंच फोनवर सांगितलं. त्यानंतर काखेत ठोकळा आला. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर त्यांना कुणी वेडा म्हणत नाही. हसतात मात्र सगळे. मीही हसतो. माणसाला रोज उठून हळहळता येत नाही.

यंदा शाळेच्या मैदानावर गुडघ्याएवढं गवत माजलं. त्यात साप निघाला, तेव्हा संस्थेला जाग आली आणि जुना ट्रॅक्टर कटरसकट घ्यायचं ठरलं. नांदेडच्या एका दलालानं मोबाइलवर फोटो पाठवला. लालभडक रंगाचं, चकचकीत यंत्र. आहे कुठं, तर भोकरला. आणणार कोण, तर शेषेराव, कारण एवढ्या लांबून असलं धूड सुखरूप आणणारा दुसरा कोण होता? मी त्यांना विचारायला गेलो आणि भोकरचं नाव तोंडातच घोळवत राहिलो.

"बोला की सर. भोकर का?" ते म्हणाले. "रस्त्याचा काय गुन्हा हाय? जाऊ."

काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली, शेषेरावांच्या काखेकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

आम्ही पहाटे निघालो. ट्रकमध्ये ते, मी आणि दोघांच्या मध्ये सीटवर ठोकळा. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. रिकाम्या ट्रेलरच्या साखळ्यासुद्धा ते उतरून चाचपत होते. मी म्हणालो, "अहो, वर काही नाहीच, पडणार काय?" ते म्हणाले, "सवय मोडली की मग पडतंय." मी जांभई दिली.

भोकरला मालकाच्या घरामागच्या वाडग्यात ट्रॅक्टर उभा होता. आम्हाला दाखवायला म्हणून त्यानं कटर वर उचलून ठेवलं होतं आणि त्याच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. शेषेरावांनी आधी कुत्र्याला हाकललं. मग ट्रॅक्टरभोवती फिरायला लागले. टायर दाबून बघितले, तेल बघितलं, आणि सीटच्या खाली हात घातला. हात तिथंच राहिला.

मी वाकून पाहिलं. सीटच्या उजव्या अंगाला लोखंडाची एक कडी जोडलेली होती, जेवणाचा डबा अडकवायला असावी तशी. नवा लाल रंग तिच्यावरूनही फिरलेला होता.

"सर," शेषेराव म्हणाले, "ह्यो आमचा हाय."

"आमचा म्हणजे?"

"बालाजीचा. ही कडी मीच लातूरला बसवून घेतलो."

मी मालकाकडे वळलो. मालक बिचारा गडबडून गेला. "मी तिसऱ्याकडून घेतलो काका," तो म्हणाला. "मला कोनी काय सांगितलंच न्हाई." त्याची काही चूक नव्हती, पण त्याच्या चकचकीत रंगाचा मला तेव्हा भयंकर राग आला.

मी शेषेरावांचा हात धरून त्यांना ट्रकपाशी नेलं. "चला, रिकामे जाऊ. मी संस्थेला सांगतो, यंत्र भंगार निघालं. तुम्ही हे न्यायचं नाही."

"अन् मग ह्ये कुठं जाईल?"

मालकानं ऐकलं. "बिलोलीचं एक गिऱ्हाईक हाय की. उद्याच नेतो म्हनायलंय."

"त्येच्याकडं टेकू हाय का?"

"टेकू कशाला काका? लिफ्ट लई कडक हाय. खाली येतच न्हाई."

"अशीच कडक होती," शेषेराव म्हणाले.

ते ट्रेलरच्या कडेला बसले. ठोकळा मांडीवर घेतला. मालकानं पाणी आणलं, ते त्यांनी हातात धरलं आणि प्यायले नाहीत. मी मनात म्हणत होतो, उठा, ट्रकमध्ये बसा, घरी जाऊ. ज्या यंत्रानं पोर खाल्लं ते बापानं स्वतःच्या ट्रेलरवर चढवावं, हे मला बघायचं नव्हतं. बऱ्याच वेळानं ते उठले आणि म्हणाले, "फळ्या सोडा, सर."

मी ट्रॅक्टर चढवायच्या लोखंडी फळ्या सोडल्या. ट्रॅक्टर त्यांनी स्वतः चढवला, कुणाला हात लावू दिला नाही. चाकांना दगड लावले, साखळ्या आवळल्या. मग कटरखाली ठोकळा ठेवून लिफ्ट सोडली. कटर हळूहळू येऊन ठोकळ्यावर टेकलं. शेषेराव त्याच्याकडे पाहत उभे राहिले. "बरा हाइस का" असं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

परत येताना लोह्याच्या अलीकडे चहाची एक टपरी आहे. तिथं त्यांनी ट्रक बाजूला घेतला. मला वाटलं साखळ्या बघायला. पण ते उतरलेच नाहीत. स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

"बालाजीचा ट्रॅक्टर भोकरला मीच नेऊन सोडलतो," ते म्हणाले. "ह्याच ट्रेलरवर. कटरखाली ह्योच ठोकळा. त्येच्यासाठीच करून घेतलतो, तुमच्या काकूला ठावं हाय. म्हटलं, वाटंत कामाला येईल अन् मंग मशीनबरोबर तिथंच ऱ्हाईल. उतरिवताना ठोकळा ट्रेलरच्या कोपऱ्यात सरकला. माझ्या ध्यानात आलं न्हाई, त्येच्याबी न्हाई. इथं च्या प्यायला थांबलो, तवा दिसला."

त्यांनी आरशातून मागे ट्रेलरकडे पाहिलं.

"माघारी फिरावं वाटलं. पर दुसरी खेप भरायची होती. फोन केलो. म्हटलं, ठोकळा माझ्याकडंच ऱ्हायलाय रे, पुढच्या खेपंला आणतो, तवर कटरखाली जाऊ नको. हाव आबा, म्हनला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पुढची खेप त्येला आणायलाच झाली."

सांत्वन करायला जी वाक्यं असतात ती सगळी मला येतात. शाळेच्या शोकसभेत मीच बोलतो. तिथं मी नुसतं ट्रकचं दार उघडलं. मी उतरून दोन चहा आणले आणि आम्ही ते ट्रकमध्ये बसूनच प्यायलो. चहा फार गोड होता.

वाटेत रात्र ट्रकमध्येच काढून मुरुडला पोचलो तेव्हा दुसरा दिवस कलला होता. मैदानावर शाळेचा शिपाई मारुती वाट बघत होता, ट्रॅक्टर तोच चालवणार होता. यंत्र उतरवून झालं आणि शेषेरावांनी त्याला समोर उभं केलं. कटर उचल. ठोकळा सार. कटर त्याच्यावर टेकव. मग हात घाल. मारुतीनं केलं. पुन्हा कर म्हणाले. त्यानं पुन्हा केलं. मारुती कुरकुरला, तेव्हा शेषेरावांनी त्याचा दंड धरला. "घरी कोन हाय?" त्यांनी विचारलं. "आई हाय," मारुती म्हणाला. "मंग कर," शेषेराव म्हणाले. मारुती निमूट करत राहिला.

मग त्यांनी ट्रकमधून साखळीचा एक तुकडा आणला. एक टोक ठोकळ्याला खिळ्यांनी पक्कं ठोकलं. दुसरं टोक सीटखालच्या त्या कडीत अडकवून तारेनं आवळलं. ठोकळा कडीला लोंबायला लागला. "आता मशीनला सोडून ह्यो कुठं जायचा न्हाई," ते म्हणाले.

आम्ही चालत घराकडे निघालो. गल्लीत पोरं खेळत होती. "टेकूआबा, ठोकळा कुठंय?" एकानं ओरडून विचारलं. शेषेरावांचा डावा हात अजून काखेत काही धरल्यासारखाच दुमडलेला होता.

काकू दारात उभ्या होत्या. आम्ही कुठलं यंत्र आणलं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी शेषेरावांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. रिकाम्या काखेकडे पाहिलं.

"दिलाव का त्येला?" त्यांनी विचारलं.

"हाव," शेषेराव म्हणाले. "दिलो."

काकूंनी पुढे होऊन त्यांचा तो दुमडलेला हात धरला आणि हळूच सरळ केला.