एकवीस विरुद्ध एक

व्हर्ना गेल्यानंतर तेविसाव्या दिवशी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली आणि आयनार स्कोगस्टाडला चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच प्रश्न पडला, मत द्यायचं कोणाला?

एरवी त्या घरात असला प्रश्न नव्हताच. आयनार हत्तीवाला, म्हणजे रिपब्लिकन. त्याचा बाप हत्तीवाला, आजा हत्तीवाला, आणि कुत्र्यालाही मत असतं तर तोही हत्तीवालाच झाला असता. व्हर्ना गाढववाली, म्हणजे डेमोक्रॅट. दर चार वर्षांनी दोघं एकाच गाडीत बसून सात मैलांवरच्या टाउनशिपच्या हॉलवर जात, शेजारी शेजारी उभं राहून एकमेकांचं मत खोडून काढत आणि एकाच गाडीतून परत येत. एका वर्षी बर्फ खिडकीपर्यंत साचलं होतं, तेव्हा आयनार म्हणाला होता, "आपलं दोघांचं मिळून शून्यच होतं. कशाला मरायला जायचं? दोघंही घरी बसू."

"बसू की," व्हर्ना म्हणाली होती.

दुपारी तो गोठ्यात जातो म्हणून ट्रॅक्टरवर बसला. ती शेजारी डबा देऊन येते म्हणून गाडी घेऊन निघाली. हॉलच्या दारात दोघांची गाठ पडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, "गारठा आहे," असं म्हटलं आणि आत जाऊन आपापलं काम उरकलं.

नॉर्थ डकोटा हे राज्यच मुळी हत्तीचं. मतदान संपून लोक कोट घालेपर्यंत टीव्हीवाले आमचं राज्य हत्तीच्या लाल रंगानं रंगवून पुढच्या राज्याकडे गेलेले असतात. त्यात आमचं हेगली तर बावीस मतदारांचं. जमीन इतकी सपाट की मैलभरावर शेजारी जेवायला बसला तर त्याच्या ताटातलं दिसतं, फक्त वाढायची सोय नाही. निकालाचा कागद हॉलच्या दारावर चिकटवतात आणि त्यावर वर्षानुवर्षं एकच मजकूर असायचा: हत्ती एकवीस, गाढव एक.

तो एक म्हणजे व्हर्ना. गुप्त मतदान वगैरे कायद्यात असेल, हेगलीत नव्हतं.

"काय व्हर्ना, यंदा लाट आली म्हणे तुमची," डेलमार दर वेळी चिडवायचा. हा डेलमार आयनारचा शेजारी आणि गावातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस.

"तुम्ही एकवीस जण मिळून एक मत देता," व्हर्ना म्हणायची. "माझं एकटीचं आहे. कागदावर बघ, कोण ठळक दिसतंय."

मायनॉटच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती आयनारला म्हणाली होती, "या वेळी मला हॉलवर न्यायला येऊ नकोस. माझं मी बघते." आयनारला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलतेय. त्यानं पांघरूण नीट केलं आणि "गारठा आहे," असं म्हटलं.

आमच्याकडे याहून जास्त बोलत नाहीत. भावना बोलून दाखवणं म्हणजे चारचौघांत गंजिफ्रॉकवर येण्यासारखं. व्हर्ना गेली तेव्हा गावातल्या चौदा घरांतून आयनारच्या ओट्यावर चौदा हॉटडिश आल्या. खाली खिमा, वर बटाट्याचे तुकडे, भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. कोणी दार वाजवलं नाही. आयनार रोज एक भांडं गरम करायचा, अर्धं खायचा, घासायचा आणि ज्याचं त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. त्यानंही दार वाजवलं नाही. सकाळी तो व्हर्नाचं रेडिओ स्टेशन लावायचा. आयुष्यभर ते ऐकलं की त्याचं डोकं फिरायचं. आता ते लावून तो वाट बघत बसायचा, आणि डोकं फिरायचं नाही. भांडायचं तर समोर कोणीतरी लागतं.

तर प्रश्न असा होता. त्यानं नेहमीसारखं मत दिलं तर दारावरच्या कागदावर काय येणार? हत्ती एकवीस, गाढव शून्य. नाव खोडावं तशी व्हर्ना खोडली जाणार. थडग्यावरचा दगडसुद्धा अजून बसला नव्हता. हा एक आकडा तेवढा तिचा होता.

निवडणुकीच्या दिवशी त्यानं चर्चचा कोट घातला. टेबलाशी आर्डिस बसली होती. मतदानाचं सगळं काम तीस वर्षं तीच बघते आणि शपथ घेतल्यासारखी गप्प असते, कारण तिनं खरंच शपथ घेतलेली असते. आयनारनं मतपत्रिका घेतली, आडोशाला गेला आणि गाढवासमोरचा गोल भरायला घेतला. हात जो अडला म्हणता, बैल चिखलात अडतो तसा. मागून तीन पिढ्या बघतायत असं त्याला वाटलं. "एकदाच," तो पुटपुटला आणि गोल भरला.

संध्याकाळी कागद लागला. हत्ती एक, गाढव एकवीस.

कागदासमोर सगळं गाव उभं राहिलं. मग डेलमार म्हणाला, "आर्डिस, चष्मा पूस."

"पुसला."

"मग रकाने उलटे लिहिलेस."

"तीनदा मोजलं, डेलमार. चौथ्यांदा तू मोज."

डेलमारनं मोजलं. मग त्याच्या बायकोनं मोजलं, कारण डेलमारच्या मोजण्यावर तिचा विश्वास नव्हता. कोणीही मोजलं तरी एक आणि एकवीस. बेरीज नेहमीसारखी बावीसच येत होती, त्यामुळे चूक शोधायची तरी कुठे, हे कोणाला कळेना.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर राज्याचा नकाशा आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक, आणि वायव्येला उशीवर शाई सांडावी तसा गाढवाचा एक निळा ठिपका. एक प्राध्यापक छडीनं तो ठिपका दाखवून सांगत होते की इथल्या तरुण पिढीत गव्हाच्या भावावरून असंतोष खदखदतोय. हेगलीतला सगळ्यांत तरुण मतदार अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि त्याला गुडघ्याशिवाय कसलाही असंतोष नाही.

गाव मात्र हादरलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे याच्या गोठ्यात आपली गाय सापडल्यासारखं बघायला लागला. सकाळी एकत्र जमून प्यायची कॉफी बंद झाली. चर्चमध्ये लोक एकेक बाक सोडून बसायला लागले. एवढे बाकच नव्हते, तेव्हा दोघं उभे राहिले.

आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की तो हत्तीचा एकुलता एक मतदार आयनारच असणार. एवढा हट्टी दुसरा आहे कोण? डेलमार मुद्दाम गाडी थांबवून म्हणाला, "गावानं शेण खाल्लं, पण तू राहिलास बाबा उभा."

"तसं काही नाही," आयनार म्हणाला.

"मोठेपणा आहे तुझा," डेलमार म्हणाला आणि का कोण जाणे, त्याच्या नजरेला नजर न देताच निघून गेला.

आयनार घरी येऊन बसला. त्याच्या डोक्यात एकच भुंगा. आपण एक मत दिलं ते व्हर्नासाठी, पण बाकीचे वीस कशानं फिरले? आणि आता तिचा तो एक कुठे राहिला? एकवीसच्या गर्दीत तो शोधायचा कसा? तिला गर्दी कधी आवडायची नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघून तो म्हणाला, "तू जिंकलीस आणि हरवलीस बघ."

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी राजधानीतून, बिस्मार्कहून, हत्तीच्या पक्षाचे एक गृहस्थ आले. हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. आयनारला काचेच्या चौकटीत मानपत्र द्यायचं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'एकटा, पण अढळ'. टीव्हीची बाई कॅमेरा घेऊन आली. सगळं गाव आलं, कारण न येणाऱ्याकडे लोकांनी बोट दाखवलं असतं. आर्डिसनं कॉफी ठेवली.

गृहस्थांनी भाषण केलं आणि मानपत्र पुढे केलं. आयनारनं हात खिशातून काढले नाहीत.

"हे मला नको," तो म्हणाला. "ते मत माझं नाही."

हॉलमध्ये कॉफीचं भांडं तेवढं आवाज करत होतं.

"मी गाढवाला दिलं. ते मला पटतं म्हणून नाही. गाढव ते गाढवच." तो थांबला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला लागले नसते एवढे शब्द त्याला आता लागत होते. "व्हर्नाचा एक असायचा कागदावर. तो शून्य झालेला मला बघवला नसता. एवढंच."

मग मागच्या रांगेतून, गावातल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस असं काहीतरी बोलला की पुढच्या रांगेला ऐकूच गेलं नाही.

"मोठ्यानं बोल," त्याची बायको म्हणाली.

"मीपण तेच केलं," डेलमार म्हणाला. "मला वाटलं, आयनार काही मरेपर्यंत हत्ती सोडायचा नाही. मग तिचा एक कोण राखणार? आता मी चिडवू कोणाला?"

"तू?" त्याची बायको म्हणाली. "मग मी कशाला दिलं?"

मग एकेक जण उठला. कोणाला व्हर्नानं गुडघ्याला लावायचं तेल दिलेलं, कोणाची तिनं बाळंतपणं काढलेली. प्रत्येकाला वाटलेलं, आपण एकट्यानं गुपचूप एक मत टाकावं, कोणाला कळणार आहे? वीस जण उठून, जमिनीकडे बघून, हेच सांगून खाली बसले. त्यात आर्डिसही होती. टीव्हीच्या बाईनं विचारलं, "म्हणजे गव्हाच्या भावाचा काही संबंध नाही?" आर्डिसनं तिच्या हातात कॉफी दिली.

"थांबा," बिस्मार्कचे गृहस्थ म्हणाले. त्यांच्या हातात अजून ती चौकट होती. "मग हे मानपत्र द्यायचं कोणाला? हत्तीला एक मत पडलंय ना?"

सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे उठून झाले होते.

आर्डिसनं कपाटातून नोंदीची वही काढली. "आपण किती जण आहोत?" ती म्हणाली. "मोजा."

डेलमारनं मोजले. "एकवीस."

"आणि मतं?"

"बावीस," डेलमार म्हणाला, आणि उभ्याचा बसला.

"टपालानं एक लखोटा आला होता," आर्डिस म्हणाली. "सप्टेंबरात पाठवलेला. आपल्या राज्यात माणूस नंतर राहिला नाही तरी त्यानं आधी धाडलेलं मत मोजतात. मतदान संपल्यावर मीच उघडला आणि न बघता बाकीच्यांत मिसळला. मी तो गाढवाचाच धरून चालले होते." तिनं वही मिटली. "कोणाचा ते मी सांगणार नाही, शपथ आहे. शिक्का मायनॉटचा होता."

आयनारला दवाखान्यातलं तिचं 'माझं मी बघते' आठवलं. तिनं बरोबर ओळखलं होतं. हा बाबा आपल्यामागे गाढवाला मत देणार, मग याचं मत खोडायला कोणीतरी नको का? मरताना तिनं एका टपाल तिकिटाचा खर्च केला आणि त्याच्याशी भांडायची सोय करून ठेवली.

"लबाड बाई," तो म्हणाला. मग त्यानं बिस्मार्कच्या गृहस्थांच्या हातातून ती चौकट घेतली. "आणा. मी पोचवतो तिला."

घरी येऊन त्यानं मानपत्र तिच्या खुर्चीसमोर भिंतीला लावलं आणि तिचं रेडिओ स्टेशन लावलं. बातम्यांत कोणीतरी गव्हाच्या भावावर बोलत होतं. आयनारनं थोडा वेळ ऐकलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण फसलोय. चार वर्षांनी हत्तीला मत दिलं तर ते तिच्या शेवटच्या मताशी जुळणार आणि गाढवाला दिलं तर तिच्या आयुष्यभराच्या मताशी. चव्वेचाळीस वर्षं दोघांचं जे एकमत व्हायचं त्यानं टाळलं होतं, ते आता कसंही झालं तरी होणार होतं.

"हे काही बरोबर नाही, व्हर्ना," तो खुर्चीला म्हणाला. रेडिओवरचा माणूस पुन्हा काहीतरी बोलला आणि आयनारचं डोकं फिरलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. त्यानं आवाज वाढवला, खुर्ची जरा जवळ ओढली आणि तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला बसला.