फाइल न उघडता

आमच्या कार्यालयात फाइल उघडण्याची पद्धत नाही. फाइल उघडली की आत काय लिहिलंय ते कळतं, आणि कळलं की काहीतरी करावं लागतं. त्यामुळे साहेब फाइलींना फार जपत असत.

एकदा त्यांनी मला, म्हणजे कार्यालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला, बोलावलं आणि कॉम्प्युटरमधल्या फाइलीची माहिती ती न उघडता मिळेल का, असं विचारलं. मिळते, मी म्हणालो. वेबसाइट ज्या भाषेत लिहितात तिच्यात त्यासाठी तयार आज्ञाच आहेत. फाइल आहे का, केवढी आहे, कोणाची आहे, शेवटची कधी बदलली, कधी वाचली, सगळं बाहेरच्या बाहेर समजतं. साहेबांचा चेहरा इतका खुलला की मलाही उगीचच धन्य वाटलं. दोन दिवसांत त्यांच्या केबिनच्या भिंतीवर मोठा पडदा लागला आणि त्यावर माझा प्रोग्रॅम अखंड चालू झाला.

पाठोपाठ परिपत्रक निघालं. मोठी फाइल ती महत्त्वाची, नुकती बदललेली ती तातडीची, उरलेल्या विचाराधीन. निर्णय आता भराभर होऊ लागले. लोकही काही दुधखुळे नव्हते. हेडक्लार्कनी बदलीच्या अर्जाला भाचीच्या नाचाचा अख्खा व्हिडिओ जोडला आणि त्यांना हवी ती बदली मिळाली. हिशेब पाहणाऱ्या बाई रोज सकाळी आपल्या अर्जात एक पूर्णविराम घालत आणि संध्याकाळी काढत. त्यांचा अर्ज कायम तातडीचा राहिला.

त्या गडबडीत माझा अर्ज तळाला गेला. माझं लग्न ठरलं होतं आणि मला रजा हवी होती. लग्न आहे, रजा द्यावी, अशा चार ओळी मी लिहिल्या होत्या. चार ओळींना पडद्यावर कोण विचारतो? होणारी बायको फोनवर शांतपणे म्हणाली, "रजा मिळाली तर तू ये. नाही मिळाली तर तुझ्या ऐवजी कोण येणार ते कळव, म्हणजे कपड्यांचं माप देता येईल." ती शांतपणे बोलली की मला घाम फुटतो.

मीही मग लाज सोडली. साखरपुड्याचे सगळे फोटो अर्जात कोंबले. पण पडद्यावर अर्ज चार ओळींचाच. कारण आदल्याच दिवशी साहेबांनी नवा हुकूम काढला होता. बाईंच्या पूर्णविरामांमुळे पडद्यावरचा क्रम सारखा हलायचा आणि साहेबांना गरगरायचं. आज एक, उद्या भलतंच सांगणारी यंत्रणा काय कामाची, म्हणून त्यांनी ठरवलं की प्रोग्रॅमने एकदा मिळवलेलं उत्तर लक्षात ठेवावं आणि पुन्हा फाइलीकडे जाऊन विचारू नये. तशी सोय त्या भाषेत आहेच. जुनं उत्तर पुसून टाकायची आज्ञाही आहे, पण ती साहेबांनी समोर बसून माझ्याच हाताने प्रोग्रॅममधून काढायला लावली होती.

शेवटी मी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, चार ओळींचा अर्ज आहे. एकदाच उघडा ना."

"उघडला असता हो," साहेब कळवळून म्हणाले, "पण उघडला की 'शेवटची कधी वाचली' इथे आजची तारीख पडेल. मग वरचे विचारतील, आजपर्यंत का नाही वाचली? काय सांगू मी त्यांना?"

"मग मी तोंडीच सांगतो. माझं लग्न आहे."

"सांगा की. पण तोंडी सांगितलेल्याचा आकार किती धरायचा?"

मी जागेवर आलो आणि रागाच्या भरात अर्जच पुसून टाकला. पडद्यावर मात्र अर्ज होता तसाच राहिला: आहे, चार ओळी, विचाराधीन. मग माझी ट्यूब पेटली. प्रत्येकाच्या हजेरीची फाइलही याच पडद्यावर होती आणि कॉम्प्युटर बंद करेपर्यंत सकाळचं 'हजर' तसंच राहायचं; त्या सकाळी मी हजर होतो. मी कॉम्प्युटर चालूच ठेवला, डबा उचलला आणि लग्नाला गेलो.

लग्न झकास झालं. मी सासूबाईंना दोनदा नमस्कार केला, घाबरून. एकच गोष्ट खटकली. मी अख्ख्या कार्यालयाला मोबाइलवर पत्रिका पाठवली होती आणि सगळ्यांनी तत्काळ "अभिनंदन" कळवलं होतं, तरी एकही जण आला नाही. बायकोने विचारलं, "तुझ्या ऑफिसात माणसं आहेत ना?"

महिन्याने कामावर परतलो. साहेबांनी भर सभेत माझा सत्कार केला, कारण पडद्यानुसार महिनाभर जागेवरून न हललेला कर्मचारी मी एकटाच निघालो. नंतर मी हेडक्लार्कना पत्रिका मिळाली होती का विचारलं. ते म्हणाले, "मिळाली तर. लगेच अभिनंदन नाही का केलं? बरं, कशाबद्दल होतं ते?"

हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको पोट धरून हसली. तुम्हीही हसला असाल तर उत्तमच. फक्त एक सांगा. आज सकाळी तुमच्या आईने तो लांबलचक मेसेज पाठवला होता, ज्याला तुम्ही लगेच अंगठा आणि बदाम पाठवलात, त्यात तिने काय विचारलं होतं?