उलट्या नदीची उकल

"अहो, बाहेर पेशंट खोळंबलेत," दार लोटून बायको म्हणाली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत स्वतःच आडवे झाले होते आणि डोक्यावरच्या दिव्याच्या झोतात साप्ताहिकातलं शब्दकोडं धरून त्याकडे डोळे वटारून बघत होते.

"बसू दे त्यांना. इथे कालपासून आडवा पाच बसत नाहीये."

रविवारी कूटकोडं सोडवायचं आणि मग आठवडाभर पेशंटना ते उलगडून सांगायचं, हा डॉक्टरांचा शिरस्ता होता. तोंडात कापूस आणि नळी असलेला माणूस वाद घालत नाही. त्यामुळे आपली प्रत्येक उकल लोकांना पटते, असा त्यांचा ठाम समज होऊन बसला होता. या वेळी मात्र प्रकरण गंभीर होतं. साप्ताहिकात कोड्याची उकल लिहिणारे जुने गृहस्थ निवृत्त होत होते, आणि या अंकातल्या कोड्याची संपूर्ण उकल जो पाठवेल त्याला ते सदर देऊ, असं संपादकांनी जाहीर केलं होतं. डॉक्टर कित्येक वर्षं त्या सदरासाठी झुरत होते. दवाखान्यात लोक नाइलाजाने येतात. दात दुखत नसतानाही कुणीतरी आपलं म्हणणं आवडीने ऐकावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

आडव्या पाचची सूचना तशी सोपी होती: 'नदी उलटी वाहिली की गरीब होते.' नदी उलटी लिहिली की दीन. शेंबडं पोरही सांगेल. पण चौकटीत घरं होती पाच. कंसात अक्षरसंख्या देणं कोडेकाराला कमीपणाचं वाटे, म्हणून डॉक्टरांनी घरांवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा मोजलं. घरं काही कमी होईनात.

"छापताना काहीतरी गडबड झाली असेल," बायको म्हणाली. "फोन करून विचारा ना."

"म्हणजे त्यांनी म्हणावं, नाचता येईना अंगण वाकडं? अगं, कोडं कधी चुकत नसतं. माणूस कमी पडतो."

कमी पडायचं नाही, असं ठरवून डॉक्टर उठले आणि पहिल्या पेशंटला आत घेतलं. ते बँकेतले कॅशियर होते. त्यांच्या दाढेत ड्रिल फिरत असतानाच डॉक्टरांचे डोळे चमकले.

"दीनदुबळा," ते म्हणाले. "पाच अक्षरं. नदी उलटी वाहिली म्हणजे पूर आला. घरात पाणी शिरलं. मग माणूस नुसता दीन कसा राहील? दुबळा होणारच."

"आं... आं," कॅशियर म्हणाले.

"पटलं ना?"

डॉक्टरांनी नळी काढल्यावर कॅशियरांनी गाल चोळला. "मी म्हणत होतो, दीन एवढंच पुरेसं वाटतं."

"आणि उरलेली तीन घरं काय भाड्याने द्यायची? तोंड उघडा."

एकदा वाट सापडल्यावर डॉक्टर थांबले नाहीत. 'जग उलटलं तरी हा मोठाच' याचं उत्तर गज. घरं तीन, म्हणून त्यांनी 'गजर' लिहिलं. हत्ती आला की आरडाओरडा होणार, हे त्याचं स्पष्टीकरण. उभ्या नऊची तर कमालच होती. 'अडाण्याच्या आत वास, म्हणून पत्ता लागत नाही.' अज्ञ, आत आणि वास, म्हणजे अज्ञातवास. पण चौकटीत नऊ नंबरचं घरच नव्हतं. डॉक्टरांनी दुपारचं जेवण टाळलं, पेशंट उद्यावर ढकलले आणि शेवटी लिहिलं, 'अज्ञातवासात गेलेल्याला घर कशाला हवं?' बायकोने ते वाचलं आणि पाकीट चिकटवून दिलं.

पुढच्या रविवारी अंक आला. पहिल्याच पानावर चौकटीत दिलगिरी होती. गेल्या अंकात सूचना एका कोड्याच्या आणि चौकट दुसऱ्याच कोड्याची छापली गेली, ते कोडं सुटणं शक्यच नव्हतं. डॉक्टर मट्कन खाली बसले. आठवडाभर दिसेल त्याच्या तोंडात आरसा घालून त्यांनी न सुटणारं कोडं समजावलं होतं. त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला.

"संपादक बोलतोय. डॉक्टर, बाकी सगळ्यांनी तक्रारी पाठवल्या. पूर्ण सोडवून पाठवणारे तुम्ही एकटेच."

"चुकलंच आहे ते," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले.

"साफ चुकलंय. पण वाचताना आम्हाला पटत गेलं हो. खुद्द कोडेकार म्हणाले, गजरच बरोबर वाटतंय."

डॉक्टर सावरून बसले. "म्हणजे उकलीचं सदर..."

"नाही, ते ज्या बाईंनी चूक आधी कळवली त्यांना दिलं. पण आमचे राशिभविष्यवाले काम सोडतायत. काहीही घडलं तरी ते तसंच घडणार होतं, हे इतक्या खात्रीने पटवणारा माणूस आम्हाला कुठे मिळणार? विचार करून सांगा."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि संपादक काय म्हणाले ते बायकोला सांगितलं. बायकोला त्यांची दया आली. तिने चहा पुढे ठेवला.

"जाऊ दे हो. मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टरांनी चहा बाजूला सारला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"तुझी रास कोणती गं?"