सासूबाई, क्लच आणि सजग मन

दहा दिवसांचं मौन पाळून मास्तर घरी परतले आणि दारात चपला काढता काढताच बायकोला म्हणाले, "आता मला चिडायला लावील असा माणूस जन्माला यायचाय!"

बायको म्हणाली, "आई आत चहा पितेय."

मास्तरांची गाडी चालवायला शिकवायची शाळा होती. गाडीच्या दारावर ठळक अक्षरांत 'येथे शांतपणे शिकवले जाते' असं लिहिलेलं होतं. ते रंगवत असताना मास्तर मागून सूचना देत होते, म्हणून 'शांतपणे' हा शब्द जरा थरथरलेला आला होता. राग मास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावर असे. विद्यार्थ्याने चूक केली की त्यांच्या तोंडून आरोळी निघायची आणि त्याच क्षणी पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पडायचा. वीस वर्षं आरोळी आणि पाय जोडीने काम करत होते.

पाच महिन्यांपूर्वी सासूबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. वय बासष्ट. घरचाच मास्तर आहे तर गाडी शिकून घेऊ, असं त्यांच्या मनात आलं. दोनदा परीक्षेत नापास झाल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की लायसन्स हातात पडल्याशिवाय त्या स्वतःच्या घरी पाऊल ठेवणार नाहीत. तेव्हापासून मास्तरांची खुर्ची, मास्तरांची उशी आणि बातम्यांची वेळ सासूबाईंच्या ताब्यात होती. शिकवताना मास्तर ओरडायचे, सासूबाई डोळ्यांना पदर लावायच्या आणि बायको दोन दिवस अबोला धरायची. शेवटी बायकोनेच मास्तरांचं नाव ध्यानाच्या शिबिरात घातलं. आईवर पुन्हा आवाज चढवलात तर मीही तिच्या खोलीत राहायला जाईन, हेही सांगून ठेवलं.

शिबिरातल्या गुरुजींचं म्हणणं मास्तरांनी अगदी गाठीशी बांधून आणलं होतं. सजग मन भोपळ्यासारखं पाण्यावर तरंगत नाही, दगडासारखं थेट तळाला जातं. जे समोर येईल त्याला ते समोरासमोर पाहतं. ऐकू आलं तर 'ऐकतोय, ऐकतोय' अशी मनात नोंद करायची, पाय दुखला तर 'दुखतंय, दुखतंय'. ढवळाढवळ मात्र करायची नाही. मास्तरांनी दहा दिवस आपल्या डाव्या गुडघ्याची नोंद केली होती. आता सासूबाई काय जड जाणार!

सोमवारी अकराला तिसरी परीक्षा होती. नऊ वाजता दोघं सरावाला निघाले. सासूबाईंना गाडीत मोकळं वारं लागतं म्हणून चारही काचा खाली होत्या. त्यांनी गाडी थेट तिसऱ्या गिअरमध्ये उचलली. इंजिन कळवळलं. मास्तरांनी डोळे अर्धे मिटून नोंद केली: 'घरघर, घरघर.'

चौकात डावीकडे वळायचं होतं. सासूबाई उजवीकडे वळल्या. मास्तरांनी उजवीकडची नोंद केली. रस्ता एकेरी होता आणि समोरून येणारे लोक हात हलवत काहीबाही बोलत होते. 'बोलताहेत, बोलताहेत.' एरवी एव्हाना मास्तरांचा आवाज पुढच्या चौकापर्यंत पोहोचला असता. आज त्यांच्या चेहऱ्यावर गुरुजींसारखं मंद हसू होतं. ते हसू पाहून सासूबाईंना हुरूप आला आणि त्यांनी वेग वाढवला.

रस्ता उतरत उतरत एका मोठ्या शेडमध्ये शिरत होता. तिथला माणूस दोन्ही हात वर करून आडवा आला आणि मग शहाणपणाने बाजूला झाला. मास्तरांना पुढे फिरणारे दोन निळे ब्रश दिसले. त्यांनी ते समोरासमोर पाहिले. आरोळी नाही म्हटल्यावर ब्रेकवरचा पायही झोपून राहिला. मग उजव्या खिडकीतून एक ब्रश आत आला, डाव्या खिडकीतून दुसरा, आणि छतावरून पाणी. 'ओलं, ओलं,' मास्तरांनी नोंद केली. 'फेस, फेस' ही नोंद तोंडात फेस गेल्यामुळे अर्धवट राहिली.

पलीकडच्या खांबाला टेकून गाडी थांबली. सासूबाईंनी चष्म्यावरचा फेस पुसला आणि विचारलं, "जावईबापू, काही चुकलं का?"

"आई, आपण गाड्या धुवायच्या यंत्रातून आलो."

"मग सांगायचं नाही का? तुम्ही गप्प होतात, म्हटलं बरोबर चाललंय! पाच महिने मी रस्त्याकडे बघून चालवते असं वाटलं की काय तुम्हाला? तुमच्या आवाजावर चालवते मी."

मास्तर निथळत बसून राहिले. दोन्ही परीक्षांच्या वेळी ते लांब कॅन्टीनमध्ये होते आणि सासूबाईंच्या शेजारी बसलेले परीक्षा घेणारे साहेब मुखदुर्बळ होते, हे त्यांना आत्ता आठवलं.

अकरा वाजता ओल्या साडीतच सासूबाई परीक्षेच्या मैदानात उतरल्या. मास्तरांना कुंपणाबाहेर उभं केलं गेलं. साहेब पाटी मांडीवर घेऊन गप्प बसले. गाडी निघाली ती सरळ पहिल्या खांबाच्या रोखाने. एकीकडे दहा दिवसांची शांती आणि दुसरीकडे आपली उशी! मास्तरांनी कुंपणावर पाय रोवला.

"क्लच! अहो क्लच दाबा! डावीकडे! तुमची डावी! आरशात कोण बघणार, मी?"

गाडी खांबाला वळसा घालून सुतासारखी सरळ झाली. साहेब मास्तरांचेच जुने विद्यार्थी. तो आवाज कानी पडताच त्यांची पाठ ताठ झाली आणि नसलेल्या ब्रेकवर पाय गेला. कुंपणाबाहेरून ओरडू नये असा नियम त्यांना शोधूनही सापडला नाही. सासूबाई पास झाल्या.

संध्याकाळी त्यांनी बॅग भरली. मास्तरांनी उशी परत घेऊन तिला अभ्रासुद्धा घातला. तेवढ्यात एक अडचण निघाली. सासूबाईंचं घर चाळीस मिनिटांवर होतं, त्यांना स्वतः गाडी चालवतच जायचं होतं आणि मास्तरांच्या आवाजाशिवाय त्यांची गाडी चालत नव्हती. त्यावर बायकोने तोड काढली: मास्तरांनी फोनमध्ये ओरडून ठेवायचं, आई ते लावून जाईल.

"मध्ये कुत्रं आडवं आलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"दर दोन मिनिटांनी एकदा ब्रेक म्हणून ठेवा."

मास्तर दार लावून, मांडी घालून, डोळे मिटून बसले. वळणामागून वळण, गिअरमागून गिअर त्यांनी मनात सगळा रस्ता समोरासमोर पाहिला आणि घसा फुटेस्तोवर ओरडले. चाळीस मिनिटांत मन एकदाही भटकलं नाही. गुडघाही आठवला नाही. शिबिरात दहा दिवस जे साधलं नव्हतं ते आज साधलं होतं, मन दगडासारखं तळाला जाऊन बसलं होतं. मास्तरांचे डोळे भरून आले.

दारावर टकटक झाली.

"अहो," बायको बाहेरून म्हणाली, "परतीच्या रस्त्याचंही ओरडून ठेवा. आई रविवारी येते म्हणालीये."

भोपळा वर आला.